कळ किनाऱ्यावर, कामगार दर्यात

तेलविहीर खोदण्याचे काम यापुढे भर समुद्रात नव्हे, तर किनाऱ्यावरच्या वातानुकूलित दालनात बसून होणार, अशी ग्वाही तेल-उद्योगाच्या परिषदांतून गेली काही वर्षे मोठ्या उत्साहाने दिली जात आहे. शेकडो मैलांवरून गिरमिटाचा वेग ठरविता येईल, एकच तज्ज्ञ एका वेळी दहा रिगांवर नजर ठेवील, संगणक स्वतःच चुका हेरील आणि विहिरीमागचा वेळ व खर्च झपाट्याने खाली येईल, असे हे चित्र आहे. या सगळ्याला मिळून एक साळसूद नाव देण्यात आले आहे : कार्यक्षमता. हा शब्द उच्चारला की प्रश्न विचारणारा आपोआप मागासलेला ठरतो. म्हणूनच तो प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. कार्यक्षमता वाढणार ती कोणासाठी, आणि तिची किंमत कोण मोजणार?

मुंबई हाय कोठे आणि नाशिक कोठे, असे एखाद्या कार्यकर्त्यास वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः अंतर फारसे नाही. मुंबई हायचे कच्चे तेल समुद्रतळावरच्या नळांतून उरणला येते, मुंबईच्या शुद्धीकरण कारखान्यांत जाते, आणि माहुलहून निघालेली नळवाहिनी तयार इंधन थेट मनमाडजवळच्या पानेवाडीला आणून सोडते. निफाडच्या द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्या ट्रॅक्टरच्या टाकीत त्या समुद्राचा काही वाटा असतोच. आणि ‘कार्यक्षमता’ म्हणजे काय, हे सातपूर-अंबडच्या कामगाराला कोणी शिकवावयास नको. जेथे एका कामगाराकडे एक लेथ असे, तेथे सी. एन. सी. यंत्रे आली आणि एकाच माणसाला दोन-तीन यंत्रे सांभाळावी लागली. उत्पादन वाढले, तसतशी कायम कामगाराची जागा शिकाऊ, ट्रेनी आणि ठेकेदाराच्या माणसाने घेतली. हीच पट्टी आता समुद्राला लावली जात आहे.

हे तंत्र नेमके आहे तरी काय, ते आधी पाहिले पाहिजे, कारण अज्ञानातून केलेला विरोध मालकांच्याच पथ्यावर पडतो. विहीर खोदताना गिरमिटाच्या मागे बसविलेली उपकरणे दिशा, कल, दाब आणि खडकाचे गुणधर्म मोजीत जातात. ही मोजमापे विहिरीत सतत फिरणाऱ्या चिखलाच्या स्तंभातून दाबाच्या ठोक्यांच्या रूपाने वर येतात. सेकंदाला मोजकेच ठोके. जुन्या तारयंत्राची आठवण व्हावी असा हा प्रकार. तेथून उपग्रहामार्फत ती किनाऱ्यावरच्या केंद्रात पोहोचतात. गिरमिटावर भार किती द्यावा, किती फेरे द्यावेत, चिखल किती जड ठेवावा, हे त्यावरून ठरते. विहिरीत सोडला त्यापेक्षा अधिक चिखल परत येऊ लागला, तर खाली वायूने उचल घेतली असे समजावयाचे. तो क्षण ओळखण्यावर शेकडो माणसांचे प्राण अवलंबून असतात. नळाचे तुकडे जोडण्याचे काम पूर्वी चिखलाने माखलेले कामगार साखळ्या व पाने घेऊन करीत आणि त्यात बोटे, हात गमावीत. तेच काम आता लोखंडी यंत्र करू शकते. या गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांस विरोध करण्याचे काही कारण नाही.

उलट, समुद्रावरची माणसे कमी झाली तर कामगारांच्या चळवळीने त्याचे स्वागतच करावयास हवे. मुंबई हायकडे जाणे-येणे हेच मुळात जिवावरचे आहे. 11 ऑगस्ट 2003 रोजी तेलकर्मचाऱ्यांना घेऊन जाणारे हेलिकॉप्टर समुद्रात कोसळून 27 जण मेले. 13 जानेवारी 2018 च्या अपघातात सातही जण गेले. त्यांत ओएनजीसीचे पाच अधिकारी होते. 28 जून 2022 रोजी ‘सागर किरण’ या रिगजवळ आणखी एक हेलिकॉप्टर पाण्यात पडले आणि चौघांचा अंत झाला. फेऱ्या जेवढ्या कमी, तेवढी कुटुंबे वाचली. तेव्हा ‘समाजवाद्यांना यंत्र नको आहे’ ही नेहमीची मखलाशी येथे चालणार नाही. वाद यंत्राशी नाही. यंत्राची कळ कोणाच्या हाती आहे आणि ती दाबल्यावर समुद्रात मागे कोण उरतो, याविषयी हा वाद आहे.

दूरवरून देखरेख केल्याने सुरक्षितता आपोआप येते, हा समज किती भोळा आहे हे मेक्सिकोच्या आखातात 20 एप्रिल 2010 रोजी दिसले. ‘डीपवॉटर होरायझन’ ही त्या काळची अत्यंत प्रगत रिग. तिच्यावरची मोजमापे क्षणाक्षणाला किनाऱ्यावर पाठविली जात होती. ह्यूस्टनमध्ये ती पाहण्याची सोय होती. त्या रात्री विहिरीतून वायू वर येत असल्याची चिन्हे आकड्यांत उमटत होती, आणि किनाऱ्यावर ती पाहण्यासाठी कोणी बसलेले नव्हते. अकरा कामगार जळून गेले. पुढे 87 दिवस तेल वाहत राहिले. अमेरिकी शासनाच्या अंदाजाप्रमाणे ते सुमारे 49 लाख पिंपे होते. रिगवरच्या मुख्य इलेक्ट्रॉनिक तंत्रज्ञाने चौकशीत दिलेली साक्ष तर प्रत्येक कामगार-सभेत वाचून दाखवावी अशी आहे. वेधकाच्या खुर्चीपुढचा संगणक वारंवार गोठत असे, आणि खोट्या इशाऱ्यांनी रात्री झोपमोड होऊ नये म्हणून सर्वसाधारण धोक्याचा भोंगा आपोआप वाजणार नाही असा ठेवला होता, असे त्याने सांगितले. रिगच्या मालक-कंपनीने त्याचा प्रतिवाद केला. अकरा जण परत आले नाहीत, एवढ्याविषयी मात्र वाद नाही. त्या विहिरीची चालक कंपनी होती ‘बीपी’. हे नाव ध्यानी ठेवावे, ते पुढे पुन्हा येणार आहे.

इकडे स्वदेशात काय घडले? 27 जुलै 2005 रोजी ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज एका जखमी स्वयंपाक्याला उतरविण्यासाठी मुंबई हायच्या उत्तर संकुलाजवळ गेले. जहाज जागेवर स्थिर ठेवणारी संगणकनियंत्रित यंत्रणा नीट चालत नव्हती, म्हणून ते हातांनी हाकून जवळ आणले गेले. लाटेने ते वायूच्या नळावर आदळले आणि दोन तासांत सबंध संकुल भस्मसात झाले. 22 जण दगावले. नळाला पुरेसे संरक्षक कवच असते, तर एका धडकेने एवढा अनर्थ झाला नसता. परंतु कवच बसविणे हे ‘कार्यक्षमते’च्या हिशेबात कधीच बसत नाही.

त्याहून भयंकर प्रकार 2021 च्या मे महिन्यातला. तौक्ते चक्रीवादळाची सूचना हवामान खात्याने दिवसेंदिवस आधी दिली होती. उपग्रहांची छायाचित्रे होती, वादळाच्या मार्गाचे नकाशे होते, प्रत्येक जहाजावर बिनतारी यंत्रणा होती. माहितीची उणीव कोठेही नव्हती. तरीही ‘पी-305’ हा स्वतःचे इंजिन नसलेला निवासी तराफा 261 माणसांसह तेलक्षेत्रातच थांबला. 17 मे रोजी त्याचे नांगर तुटले, तो एका फलाटावर आपटला आणि संध्याकाळी बुडाला. ‘वरप्रदा’ ही टग-नौकाही गेली. दोन्ही मिळून 86 बळी. तरंगते तराफे फाटके निघाले, असे वाचलेल्यांनी सांगितले. प्रेते रायगडच्या आणि थेट वलसाडच्या किनाऱ्याला लागली. कित्येकांची ओळख डीएनए तपासून पटवावी लागली. त्याच वादळात ओएनजीसीचे ‘सागर भूषण’ हे वेधन-जहाजही 101 माणसांसह नांगर तुटून भरकटले होते. नौदल आणि तटरक्षक दल पोहोचले म्हणून ते वाचले.

‘पी-305’ वर कोण होते? वेल्डर, फिटर, रंगारी, स्वयंपाकी, मदतनीस. बहुतेक सारे ठेकेदाराच्या, उपठेकेदाराच्या पटावरचे. किनाऱ्यावरच्या दालनातून गिरमिट फिरविता येईल, परंतु गंजलेला नळ किनाऱ्यावरून रंगविता येत नाही, झिजलेला सांधा उपग्रहामार्फत वेल्ड होत नाही. जी यंत्रे माणसाला अनावश्यक ठरविणार असे सांगितले जाते, त्यांच्या तारा, संवेदक आणि झडपा खाऱ्या वाऱ्यात टिकवून धरण्यासाठी माणूसच लागतो. मग दूरनियंत्रणाने प्रत्यक्षात होते काय? कायम नोकरीतला, संघटनेचा सभासद असलेला अभियंता वा वेधक किनाऱ्यावर येतो. आणि ज्याच्या मागे ना संघटना, ना नोकरीची हमी, असा माणूस समुद्रात राहतो. धोका नाहीसा होत नाही, तो खालच्या पायरीवर ढकलला जातो. दुर्घटनेनंतर ओएनजीसीच्या काही वरिष्ठ अधिकाऱ्यांचे निलंबन झाले, मंत्रालयाने समिती नेमली. परंतु त्या दिवशी तराफ्यावरच्या एखाद्या फिटरला ‘वादळ येत आहे, काम थांबवा’ असे म्हणून काम थांबविण्याचा अधिकार होता काय? माहिती सर्वांपाशी होती. थांबविण्याचा अधिकार मात्र कामाचे दिवस मोजणाऱ्यांपाशी होता.

आता या तंत्रज्ञानाच्या मालकीकडे वळू. 1956 साली ओएनजीसी स्थापन झाली, तेव्हा केशवदेव मालवीयांनी परकीय तेल कंपन्यांची दारे झिजविण्याऐवजी सोव्हिएत तज्ज्ञांची मदत घेतली आणि देशातली माणसे शिकवून तयार केली. सोव्हिएत संशोधन-जहाजाने साठच्या दशकात खंबायतच्या आखातात व भोवतालच्या समुद्रात केलेल्या पाहणीतून मुंबई हायची रचना समजली. फेब्रुवारी 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ने तेथे तेल काढले आणि 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले. 1985 साली हे क्षेत्र दिवसाला पावणेपाच लाख पिंपांच्या आसपास तेल देत होते. 2024 मध्ये ते सुमारे 1 लाख 34 हजार पिंपांवर आले. क्षेत्र जुने झाले की उत्पादन घटते, हा निसर्गनियम आहे. परंतु जुन्या क्षेत्राला नव्या विहिरी, नवे नळ आणि नवे तंत्र लागते, आणि त्यासाठी पैसा लागतो. तो पैसा कोठे गेला? जानेवारी 2018 मध्ये केंद्र सरकारने आपल्याच मालकीच्या हिंदुस्थान पेट्रोलियममधला 51.11 टक्के हिस्सा आपल्याच मालकीच्या ओएनजीसीच्या गळ्यात मारला आणि 36,915 कोटी रुपये वसूल केले. निर्गुंतवणुकीचे उद्दिष्ट गाठल्याचा डांगोरा पिटला गेला. ओएनजीसीला त्यासाठी कर्ज काढावे लागले. खिसा रिकामा करावयाचा आणि मग ‘तुमच्याजवळ तंत्रज्ञान नाही’ म्हणून हिणवावयाचे, असा हा न्याय आहे.

हिणवून झाल्यावर तारणहार आणला गेला. जानेवारी 2025 मध्ये मुंबई हायसाठी दहा वर्षांचा ‘तांत्रिक सेवा पुरवठादार’ म्हणून बीपीची निवड झाली. पहिली दोन वर्षे ठरावीक शुल्क, त्यानंतर वाढीव उत्पादनाच्या उत्पन्नातला वाटा, असे कराराचे स्वरूप आहे. उत्पादन साठ टक्क्यांपर्यंत वाढू शकेल, असा कंपनीचा अंदाज ओएनजीसीने जाहीर केला. मालकी ओएनजीसीचीच राहणार, असे आवर्जून सांगितले जाते. परंतु ज्याचे उत्पन्न केवळ वाढीव पिंपांवर अवलंबून आहे, तो दुरुस्तीसाठी विहीर बंद ठेवण्याचा सल्ला किती उत्साहाने देईल, हे सांगावयास तज्ज्ञ लागत नाही. ही तीच कंपनी, जिच्या पूर्वावताराने इराणच्या तेलावर हुकमत गाजविली आणि 1951 साली मोसादेघ यांनी राष्ट्रीयीकरण केल्यावर 1953 च्या कारस्थानापर्यंत मजल गेली. जुना इतिहास नको असेल तर ताजा घ्यावा. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात ओएनजीसीच्या क्षेत्रातला वायू शेजारच्या रिलायन्सच्या क्षेत्रात वाहून गेल्याची तक्रार होती, आणि त्या क्षेत्रात बीपी भागीदार आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने कंपन्यांच्या बाजूचा लवादाचा निर्णय रद्द ठरविला आणि मार्चमध्ये केंद्राने या कंपन्यांकडे 281 कोटी डॉलरची मागणी केली. कंपन्यांना ती मान्य नाही. म्हणजे एका समुद्रात सरकार जिच्यावर दावा लावते, तिलाच दुसऱ्या समुद्रात भूगर्भाची सारी माहिती उघडून देते!

ही माहिती म्हणजे काय चीज आहे, हे समजून घेतले पाहिजे. दूरनियंत्रणाच्या युगात विहिरीची खरी किल्ली लोखंडात नसते, आकड्यांत असते. वेधनाच्या सेवा जगभर स्लंबर्जर, हॅलिबर्टन, बेकर ह्यूजेस अशा मोजक्या कंपन्यांच्या हाती आहेत. प्रणाली त्यांची, ती वापरण्याचे भाडे ग्राहकाचे. (यांतल्या पहिल्या दोघींची तंत्रकेंद्रे पुण्यात आहेत. नाशिकच्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेली मुले जी आज्ञावली पुण्यात बसून लिहितात, तीच उद्या परदेशी शिक्क्याने भाड्याने घ्यावी लागते.) अशी किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असली की काय होते, हे जुलै 2025 मध्ये दिसले. युरोपीय संघाने निर्बंध लावताच मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातल्या तेलकंपनीच्या ई-पत्रादी सेवा अचानक तोडल्या. पैसे भरलेले होते, कारखाना गुजरातेत वाडीनारला होता, कायदा भारताचा होता. तरी कळ परदेशात दाबली गेली. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली, तेव्हा कोठे सेवा परत सुरू झाली. तेथे पत्रव्यवहार थांबला. उद्या दूरवरून चालणाऱ्या विहिरीच्या बाबतीत असे झाले तर?

यंत्राची नजर नेहमी खालच्या दिशेलाच असते, हाही अनुभव नाशिक जिल्ह्याला नवा नाही. 25 जानेवारी 2011 रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना पानेवाडीच्या परिसरात तेलचोरांनी दिवसाढवळ्या जिवंत जाळले. आज टँकरला उपग्रहाशी जोडलेला मागकाढ्या आहे, विजेवर चालणारी कुलपे आहेत. चालक कोठे थांबला, किती वेळ थांबला, याची नोंद होते. ते योग्यच आहे. परंतु चालकाने सलग किती तास गाडी हाकली आणि त्याला झोप मिळाली की नाही, याचा जाब त्याच नोंदीवरून वाहतूकदाराला विचारला जातो काय? समुद्रातही तेच. कामगाराचा प्रत्येक मिनिट मोजणारी प्रणाली ठेकेदाराचे फाटके तराफे मोजीत नाही.

यावर दोन टोकांची उत्तरे दिली जातात आणि दोन्ही निरुपयोगी आहेत. एक म्हणजे यंत्रच नको. साठच्या दशकात कलकत्त्याच्या आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाला केलेला विरोध त्या काळच्या बेकारीच्या संदर्भात समजण्यासारखा होता. पण यंत्र शेवटी आलेच. दुसरे म्हणजे यंत्र येईल तसे येऊ द्यावे, बाजार पाहून घेईल. या दोहोंहून वेगळी वाट या देशात चाचपून झालेली आहे. स्वयंचलितीकरणाच्या परिणामांचा विचार करण्यासाठी प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि 1972 साली तिचा अहवाल आला. 8 सप्टेंबर 1983 रोजी बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि बँकांचे व्यवस्थापन यांच्यात करार होऊन कोठे, किती यंत्रे बसवावयाची याच्या मर्यादा ठरल्या. यंत्र करारातून येऊ शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

नॉर्वेचे उदाहरण वारंवार दिले जाते, तेही पुरे द्यावे. तेथली इक्विनॉर ही कंपनी 67 टक्के सरकारी मालकीची आहे. तिचा ‘मार्टिन लिंगे’ हा फलाट 2021 मध्ये उत्पादनात आला, तो स्टाव्हांगरच्या किनाऱ्यावरून चालविला जातो. त्याच देशात कामगारांनी निवडलेल्या सुरक्षा-प्रतिनिधीला धोकादायक काम स्वतःच्या अधिकारात थांबविण्याचा कायदेशीर हक्क आहे. परिषदांतले वक्ते पहिला भाग सांगतात आणि दुसरा गिळतात. आणखी एक गोष्ट ते सांगत नाहीत. हाच फलाट दक्षिण कोरियाच्या गोदीत बांधला जात असताना 1 मे 2017 रोजी, कामगार दिनी, क्रेन कोसळून सहा जण ठार झाले. कायम कामगारांना त्या दिवशी सुट्टी होती. मेलेले सारे उपठेकेदारांकडचे होते.

म्हणून मुंबई हायच्या बाबतीत मागण्या स्पष्ट असावयास हव्यात. किनाऱ्यावरची नियंत्रण-केंद्रे ओएनजीसीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांनी चालवावीत, आणि भूगर्भाच्या माहितीचा मूळ साठा व प्रणालीचे हक्क तिच्याच ताब्यात राहावेत. समुद्रात जो राहील, त्याला, मग तो ठेकेदाराचा का असेना, काम थांबविण्याचा हक्क लेखी मिळावा. तो बजावल्याबद्दल पुढल्या कंत्राटातून त्याचे नाव वगळले जाणार नाही याची हमी मिळावी. यंत्रामुळे वाचलेल्या पैशांतला पहिला वाटा नळ, तराफे आणि हेलिकॉप्टर यांवर खर्च व्हावा. सुरक्षिततेची तपासणी करणारी यंत्रणा पेट्रोलियम मंत्रालयाच्या कक्षेबाहेर काढावी, कारण आज तपासणारा आणि तपासला जाणारा दोघेही एकाच मंत्र्याला उत्तरदायी आहेत. यांतले काहीही आपण होऊन होणार नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनी तर कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा 20 वरून 50 कामगारांवर नेली आहे. लहान लहान उपठेकेदारांत माणसे वाटून टाकण्याची सोय त्यातून आयतीच झाली.

बीपीबरोबरचा करार संसदेच्या पटलावर ठेवावा, ही मागणी जिल्ह्यातूनही करता येण्यासारखी आहे. नाशिक आणि दिंडोरीचे खासदार 2024 साली विरोधी पक्षांच्या उमेदवारीवर निवडून गेले आहेत. सातपूर, अंबड आणि पानेवाडीच्या कामगारांच्या सह्यांचे निवेदन घेऊन त्यांच्याकडे जावे, शुल्क किती, दंडाची कलमे कोणती, अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, हे तीन प्रश्न लेखी मांडावयास लावावेत, आणि मंत्र्यांकडून येणारे उत्तर याच कामगारांपुढे वाचून दाखवावे.